साकु की हाकु

...आणि वर मलाच म्हणतात, लाजू नगा! मी लाजतोय? साठी उलटलेला माणूस, पँटचं बटण पोटावर लागेना, समोर हुग्गीची तिसरी वाटी, दोन्ही हात वाटीवर आडवे धरून जिवाच्या आकांतानं थांबवतोय, आणि समोरची बाई माझ्या बोटांच्या फटीतून तूप सोडत म्हणते, "लाजू नगा की वो साहेब, घर आपलंच हाय." आता तुम्हीच सांगा, याला लाजणं म्हणतात का? हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, सगळी गुळातली, आणि अशी घट्ट की चमचा उभा केला तर पडायचा नाही. आणि मला साखर. म्हणजे रक्तात.

पण एक सांगून ठेवतो, माणसं वाईट नाहीत हो. वाईट असती तर भांडलो असतो.

आता मुळापासून सांगतो. मी जोतिराम, मूळचा माळशिरसकडचा, पण जन्म गेला पुण्यात, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. रिटायर झालो आणि मुलाकडे, पृथ्वीराजकडे राहायला गेलो, नवव्या मजल्यावर. पोरगं गुणाचं, सून गुणाची, तक्रार करायला जागा नाही, आणि खरं सांगू का, जागाच नाही. दिवसभर गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघायच्या. शेजारी कोण राहतं ते मला कुरिअरवाल्याकडून कळायचं. त्यात साखर चढली. डॉक्टर म्हणाले, "काका, फिरा, साधं खा, मन रमवा." अहो, नवव्या मजल्यावर मन रमवायचं म्हणजे लिफ्टनं वर-खाली करायचं का?

तेवढ्यात शिवलिंगप्पाचा फोन. शिवलिंगप्पा म्हणजे स्टोअरमधला माझ्या शेजारच्या टेबलावरचा. त्याचं गाव सोलापूरच्या खाली, मंद्रूपच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला. हा आता लेकीकडे बंगळुरूला आणि गावातलं घर बंद. "जोत्या, बंद घराला वाळवी लागते, तू जाऊन राहा की." मला तर पंख फुटले. पण आमची मंडळी, पूनम, ती काय सहज हलते होय? तिनं अट घातली. "हे बघा, दसऱ्याला जाऊ. संक्रांत झाली की सोलापुरात रक्त तपासायचं. साखर उतरली तर राहू. चढली तर दुसऱ्या दिवशी पुणे, आणि परत गावाचं नाव काढायचं नाही." मी म्हटलं, मंजूर. गावाकडं काय, भाकरी आणि झुणका, साखर उतरणारच. मला इथं राहायचं होतं हो, मनापासून राहायचं होतं.

आलो. गाव कसं, तर तिथं मराठी अजून संपलेली नसते आणि कानडी सुरू झालेली असते. माणूस वाक्य मराठीत उचलतो आणि कानडीत नेऊन टेकवतो, मधल्या मधे आपण लटकलेले. पहिल्याच दिवशी दुपारी दमून दार लावलं आणि आडवा झालो. डोळा लागतोय तोवर धाडधाड दार. उघडतो तर दारात पंधरा-वीस माणसं, आणि पुढं समोरच्या घरातली दगडाबाई, मागं तिच्या शेळ्या. डोळ्याला पदर लावून मला विचारते, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुठं गेलं?" म्हणाली, "भर दुपारचं दार लावलं न्हवं, मला वाटलं वहिनी गेल्या." वहिनी मागनं बघतायत. तिथं दिवसा दार लावत नाहीत, हे मला कुणी सांगितलं होतं का? तेव्हापासून दार उघडं. मग उघड्या दारातनं कोण येईल याचा नेम नाही. एकदा आम्ही मंद्रूपच्या बाजारात गेलो, पावसाची भुरभुर आली, परत येऊन बघतो तर वाळत घातलेले कपडे आत, घड्या करून, आणि कपाटात लावलेले. माझ्या बनियनला बटाट्याएवढं भोक होतं, ते शिवलेलं. सांगा, याच्यावर चिडायचं की आभार मानायचे?

माणसं वाईट नाहीत हो. वाईट असती तर भांडलो असतो.

सगळ्यात पुढं फुलाव्वा. नाव फुलाबाई, पण अख्खं गाव फुलाव्वा म्हणतं. आमच्या भिंतीला भिंत. नवरा चनमल्लप्पा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. मुलगा-सून सोलापुरात, तो मेसमध्ये जेवतो, ती डाएट करते, म्हणजे हिच्या हातचं खायला घरात कोण, तर चनमल्लप्पा, आणि तो दोन भाकरीच्या वर जात नाही. मग काय, भिंतीवरनं वाटी आमच्याकडं. सकाळी धपाटं, दुपारी शेंगापोळी, संध्याकाळी गुळाचं काहीतरी. मी म्हणायचो, "नको हो." तर म्हणायची, "नको म्हणत्यातच की पाव्हणं." मी म्हणायचो, "पुरे." तर म्हणायची, "पुरं काय, आजून सुरूच कुटं झालंय?" नको म्हणावं तर मान समजतात, पुरे म्हणावं तर संकोच समजतात. साखर आहे म्हणून सांगायचं, तर पूनम म्हणाली, "खबरदार. आल्या आल्या रोग सांगू नका, सगळे भेटायला येतील." आणि येतीलच, आणि रिकाम्या हातानं येणार नाहीत.

शेवटी केला शिवलिंगप्पाला फोन. आता गावात रेंज कुठं, तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर. चढलो टाकीवर. म्हटलं, "शिवल्या, मरतोय मी खाऊन, काय करू?" तो हसला. म्हणाला, "अरे, मराठीत नको म्हणून चालत न्हाय तितं. कानडीत म्हण, लगेच थांबतील. एकच शब्द. खर्र... आकु." म्हटलं, "काय?" "खर्र... आकु, आकु!" आणि फोन गेला. पहिलं अक्षर रेंजनं खाल्लं. आता मी स्टोअरचा माणूस, फाटक्या चिठ्ठीवरनं माल काढायची सवय. टाकीवरच बसून विचार केला. आकु... टाकू? वाकू? हाकू! बरोबर. गुरं हाकतो आपण, माशा हाकतो, नको असेल त्याला हाकलतो. म्हणजे हाकु म्हणजे नको, हाकलून द्या. माझा मलाच अभिमान वाटला हो. उतरताना शिडीवर चारदा म्हणून बघितलं. हाकु, हाकु, हाकु, हाकु.

दुपारी फुलाव्वा आली, हुग्गीची पातेली घेऊनच. एक पळी वाढली, मी हात आडवा धरला आणि ठणकावून म्हटलं, "हाकु." बाई थांबली. माझ्या तोंडाकडं बघितलं. चेहरा असा फुलला की काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "अय्यय्य, साहेबाला कानडी येतंय की!" आणि दुसरी पळी. मी म्हटलं, "हाकु हाकु." तिसरी पळी. मी पूनमकडं बघितलं, पूनम माझ्याकडं बघतेय. माझं काय गणित, तर उच्चार चुकत असेल. म्हणून जोर वाढवला. जोर वाढवला तसं तूप वाढलं. पूनम आत आल्यावर म्हणते, "अहो, तुम्ही नको म्हणताय की आर्डर देताय?" मी म्हटलं, "गप, भाषा अंगात मुरायला वेळ लागतो."

आणि हे जेवणापुरतं राहिलं असतं तरी निभावलं असतं. परसात पूनमला चार वांगी लावायची होती, ती हे कुणापाशी तरी बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी चनमल्लप्पा ट्रॅक्टर घेऊन दारात, मागं ट्रॉलीभर शेणखत, ओलं, वाफा निघतायत. अहो, चार वांग्यांना! मी पळत बाहेर. आता ट्रॅक्टर चालू, त्या आवाजात मराठी कोण ऐकतंय, मी दोन्ही हातांनी खुणा करतोय, घेऊन जा, मागं घ्या, आणि बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "हाकु! हाकु!" म्हणजे कसं, मराठीतही बरोबर ना, गाडी हाका म्हणजे जा. चनमल्लप्पानं मान डोलवली, ट्रॅक्टर मागं घेतला, मला हायसं वाटलं, आणि त्यानं ट्रॉली उचलली. अंगणात. पायरीपर्यंत. दोरीवर पूनमच्या दोन साड्या होत्या, त्यांचे पदर त्या ढिगात. चनमल्लप्पा उतरला, हात झटकले, आणि म्हणाला, "जिकडं हाकु म्हनला तितं हाकलं बगा." आणि संध्याकाळी शेजारच्या आठ-दहा बायका आल्या, पाट्या घेऊन आल्या, ते सगळं खत परसात नेऊन पसरलं, वाफे केले, वांगी लावली, मेथी लावली, अंगण सारवून दिलं. आता भांडू कुणाशी?

माणसं वाईट नाहीत हो... पण मला काही कळेचना. जो शब्द उच्चारल्यावर माणसं थांबायला पाहिजेत, तो उच्चारला की पळत येतात. गावात माझं नाव झालं. पारावरनं जाताना म्हातारे मला हाक मारायचे, "साहेब, चा घ्या", मी सवयीनं "हाकु", की बशीत दोन चमचे साखर जास्त. पोट पुढं, पट्ट्याची भोकं संपली, तिसऱ्या पायरीला धाप. पूनम रोज पोटाकडं बघून नुसतं म्हणायची, "संक्रांत." बाकी काही नाही.

अशात आली वेळ अमावस्या. आमच्या माळशिरसकडं हे नाही, पण इथं त्या दिवशी अख्खं गाव शेतात. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, पूजा करायची आणि मग जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील, शेंगापोळी, खीर. आणि जेवायचं म्हणजे एका शेतात नाही, वाटेवरच्या प्रत्येक शेतात, कारण बोलावल्यावर पुढं जाणं म्हणजे अपमान. चनमल्लप्पाच्या शेतात पोचेपर्यंत मी तीन शेतं जेवून आलो होतो. आणि बघतो तर कोपीजवळ शिवलिंगप्पा! सणासाठी बंगळुरूहून मुद्दाम आलेला. मिठी मारली, शेजारी शेजारी पंगतीला बसलो. फुलाव्वा पोळीची टोपली घेऊन वाढायला आली.

मी म्हटलं, "हाकु." एक पोळी पडली. म्हटलं, "हाकु हाकु." दोन पडल्या. म्हटलं, "अहो, हाकु म्हणतोय ना मी, हाकु!" चार पोळ्या आणि वर तुपाची वाटी पालथी. शिवलिंगप्पा खायचा थांबला. हळूच म्हणतो, "जोत्या, तुला साखर आहे ना रे?" म्हटलं, "आहे की." "मग हे काय चाललंय?" म्हटलं, "मी काय करू, तुझ्या गावाला तुझी कानडी कळत नाही. तू शिकवलास तोच शब्द म्हणतोय." "मी कुठला शब्द शिकवला?" म्हटलं, "हाकु." त्याच्या नाकात आंबील गेली हो. ठसका थांबेना. पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठं बोलला, "अरे साकु, साकु! साकु म्हंजे पुरे. हाकु म्हंजे वाढ, घाल, टाक! आणि तेसुद्धा मोठ्या माणसाला हाक्री म्हणायचं, साक्री म्हणायचं. नुसतं हाकु कोण म्हणतं ठाऊक आहे का? पोरगं आईला म्हणतं, ताट पुढं करून."

ते त्यानं सगळ्यांना कानडीत सांगितलं. शेत हसलं हो, अख्खं शेत. दगडाबाई तर हसता हसता खाली बसली. चनमल्लप्पा जन्मात हसला नसेल, तो डोळे पुसायला लागला. ट्रॉली आठवली असणार. फक्त फुलाव्वा हसली नाही. टोपली घेऊन तशीच उभी. मग म्हणाली, "म्हंजे तुमास्नी नगं हुतं व्हय? मला वाटलं, किती वर्सानं घरात कुणीतरी हाकु म्हणतंय." एवढंच. आणि माझ्या ताटातली एक एक पोळी उचलून टोपलीत ठेवायला लागली.

तुम्हाला खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. इतके दिवस ती उचलून न्यावी म्हणून धडपडत होतो, आणि आता नेतेय तर वाटतंय, राहू दे की एक. कसं सांगणार पण? आणि कुठल्या भाषेत? मग खालच्या मानेनं सांगून टाकलं, साखर आहे मला, डॉक्टरनं गोड बंद केलंय, संक्रांतीनंतर तपासणी आहे, आणि चढली तर हे गाव सुटतंय. घरी आल्याबरोबर पूनमनं बॅग काढली, भरली आणि दाराआड ठेवली. म्हणाली, "तपासणीपुरतं थांबायचं. निकाल मला दिसतोय."

दुसऱ्या दिवशी भिंतीवरनं वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्हाला वाटेल सुटलो. अहो, दुपारी मी भिंतीपाशी जाऊन उगीच खोकायचो. भाकरी केली पूनमनं, चांगली केली, पण घास फिरायचा तोंडात. वाटलं, रुसली माणसं. चुकलंच माझं.

रुसतायत कसली, तयारी करत होती. चौथ्या दिवशी सकाळी फुलाव्वा तांब्या घेऊन हजर. तांब्यात हिरवं. कारल्याचा रस, काठोकाठ. मागं दगडाबाई, कडुलिंबाचा पाला वाटून गोळ्या केलेल्या, शेळीच्या लेंडीएवढ्या, आणि दिसायलाही तशाच. कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी मेथ्या भिजवलेल्या. फुलाव्वा म्हणते, "तुमाला पुण्याला न्यायला साखर कोण लागून गेली, बगतेच मी." पहिला पेला प्यालो, डोळ्यांपुढं तारे. दुसरा भरायला लागली तसा मी हात आडवा धरला, आणि या वेळी शुद्ध, स्वच्छ, नीट शिकलेला शब्द म्हटला, "साकु." तिनं भरला. म्हटलं, "साकु, साकु." काठोकाठ भरला. म्हटलं, "फुलाव्वा, साकु म्हणजे पुरे ना?" ती कशी समजूत घातल्यासारखं हसली. म्हणाली, "आमचं साकु म्हंजे पुरं. तुमचं कानडी उलटं हाय, आता ठावं झालंय सगळ्या गावाला. साहेब साकु म्हनले की वाढायचं." मी घाबरून म्हटलं, "मग हाकु!" म्हणाली, "व्हय, हाकते की." आणि तिसरा पेला.

बघा आता. हाकु म्हटलं तरी वाढतात, साकु म्हटलं तरी वाढतात, नको म्हटलं तर मान, पुरे म्हटलं तर संकोच. गावानं माझ्यासाठी, माझ्या सोयीसाठी, स्वतःची भाषा बदलून घेतली, आणि मला एक शब्द शिल्लक ठेवला नाही. वर चनमल्लप्पा रोज पहाटे दारात, काही बोलायचं नाही, नुसता उभा. त्याच्या मागनं मळ्यापर्यंत चालायचं, विहिरीवरची मोटार सुरू करायची, परत यायचं. वाईट असती माणसं तर...

संक्रांत झाली. गेलो सोलापूरला, रक्त दिलं, रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "काका, साखर चढली नाही." मी उडालोच. "म्हणजे उतरली?" "उतरलीही नाही. होती तिथंच आहे." काय समजायचं? अडीच महिने गोड आणि वीस-बावीस दिवस कडू, कुस्ती बरोबरीत सुटली. पूनमच्या अटीत बरोबरीचं कलमच नव्हतं. मी एसटीत तिच्याकडं बघतोय, ती खिडकीतनं बाहेर बघतेय. मंद्रूप आलं, मंद्रूप गेलं, तरी ती खिडकीतच. राहायचं की जायचं, काही कळेना.

घरी पोचलो तर ओट्यावर सगळे. फुलाव्वानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "चढली नाही." "न्हाय चडली?" बाईनं पदराखालनं पातेली काढली. हुग्गी! मी म्हटलं, "अहो फुलाव्वा, हे काय?" "काय म्हंजे? चडली न्हाय न्हवं, मग गोड नगं व्हय करायला?" आता मी कुठला शब्द वापरणार? वाटीवर हात धरला, फटीतनं तूप आलं. शेवटचा आधार म्हणून पूनमकडं वळलो. म्हटलं, "तू तरी सांग काहीतरी यांना."

पूनमनं दाराआडच्या बॅगेकडं बघितलं. फुलाव्वाकडं बघितलं. आत गेली, स्वतःची वाटी घेऊन आली, तिच्यापुढं धरली आणि म्हणाली, "हाक्री."

अहो, बाईनं दसऱ्यापासून कानडीचा एक शब्द काढला नव्हता. काढला तो एकच, आणि तोही बरोबर, मानासकट. फुलाव्वा आधी हसली, मग रडली, मग वाढत सुटली. आणि पूनम खाता खाता मला म्हणते, "बघताय काय? ती बॅग माळ्यावर टाका."

तर राहिलो. आता पुढची तपासणी पाडव्याला, म्हणून मी परवा शिवलिंगप्पाला पुन्हा फोन केला. म्हटलं, बाबा, कानडीत माझी पत संपली, दुसरी काहीतरी भाषा दे. म्हणाला, "तेलुगू शिक की. सोलापुरातले विणकर बोलतात, तुझ्या गल्लीत कुणाला येत नाही, म्हणजे घोळ नाही." म्हटलं, पुरेला काय म्हणतात? या वेळी रेंज अगदी फुल होती. दोनदा विचारलं, दोनदा नीट ऐकलं, स्पेलिंगसुद्धा विचारून घेतलं. तेलुगूत पुरे म्हणजे 'चालु'.

आता वाढायला उभ्या असलेल्या फुलाव्वाला मी 'चालू' म्हणू?

मी सोडून दिलं. हल्ली काही बोलत नाही. गपचूप वाटी पुढं करतो.